टीव्ही ३२ इंची की ४३? आधी आईला विचारा

प्रश्न (पत्राचा गोषवारा): आमच्या घरात एक जास्तीची खोली आहे. एरवी मी तिथे कामाला बसते, पाहुणे आले की त्यांची तिथे सोय होते आणि वर्षातले काही महिने माझी आई तिथे राहते. आई पंचाहत्तरीची आहे. तिला ऐकायला कमी येतं, त्यामुळे हॉलमधला टीव्ही ती मोठ्याने लावते आणि त्यावरून घरात कुरबुरी होतात. म्हणून त्या खोलीत वेगळा टीव्ही घ्यायचं ठरलं, पण घोडं आकारावर अडलंय. मी म्हणते, जास्तीच्या खोलीत कशाला मोठा, ३२ इंची पुरे. मिस्टर म्हणतात, ४३च्या खाली आणि फोर-केशिवाय घेण्यात अर्थ नाही, शक्यतो क्यूएलईडीच घेऊ. मुलाला ५० हवाय, म्हणजे त्याला गेम खेळता येतील. खोली ११ फूट बाय १० फूट. पलंगाचं डोकं एका टोकाला, समोर ११ फुटांवरची भिंत मोकळी, डाव्या हाताला खिडकी. हॉलमधला टीव्ही ४३ इंची, फुल एचडी, सात वर्षांचा आहे आणि व्यवस्थित चालतो. याद्या आणि तुलना वाचून डोकं भंजाळलंय. काय घेऊ?

उत्तर:

पत्रात तिघांची मतं आली आहेत. ज्यांच्यासाठी टीव्ही घ्यायचा त्या आईंचं मत मात्र कुठेच नाही. त्या सध्या तुमच्याकडे नसतील तर पुढच्या फोनवर सहज विचारून घ्या: पडून बघायला आवडतं की खुर्चीत बसून? रिमोटवरची कोणती बटणं लागतात? अक्षरं नीट दिसतात का? या उत्तरांनी तुमची अर्धी यादी आपोआप गळून पडेल.

दुसरं, तुमचं ‘जास्तीच्या खोलीत कशाला मोठा’ हे म्हणणं. खोली जास्तीची आहे, मान्य. पण हॉलमधला टीव्ही तुम्ही सगळे संध्याकाळी दोन-तीन तास बघत असाल, आणि आई असतील त्या महिन्यांत या खोलीतला टीव्ही सकाळपासून चालू राहील. शिवाय बघणारे डोळे घरातले सगळ्यांत थकलेले. काटकसर करायचीच असेल तर ती इंचांत करू नका, दुसरीकडे जागा पुष्कळ आहे. त्याबद्दल पुढे बोलूच.

आकार ठरवताना खोलीचं माप बाजूला ठेवा आणि उशीपासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजा. पलंगाच्या डोक्याला टेकून बसलं की डोळे भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे येतात. टीव्हीही भिंतीपासून थोडा पुढे असतो. म्हणजे तुमच्या ११ फुटांतले खरे उरतात साधारण ९ फूट, २७० सेंटीमीटरच्या आसपास. टीव्हीचे इंच तिरके मोजतात हे तुम्हाला माहीत असेलच. प्रत्यक्षात ३२ इंची पडदा सुमारे ७१ सेंटीमीटर रुंद आणि ४० उंच असतो, ४३ इंची ९५ रुंद आणि ५४ उंच, तर ५० इंची १११ रुंद आणि ६२ उंच. नऊ फुटांवरून ३२ इंची पडदा नजरेचा जेमतेम १५ अंशांचा कोन व्यापतो, ४३ इंची २० अंशांचा आणि ५० इंची २३ अंशांचा. क्षेत्रफळाच्या हिशोबात ४३ इंची हा ३२ इंचीपेक्षा तब्बल ८० टक्क्यांनी मोठा भरतो. बातम्यांच्या खालची धावती पट्टी वाचताना हा फरक आईंना लगेच जाणवेल.

टीव्ही निवडण्याची एक प्रचलित शिफारस अशी की पडद्याने ३० अंशांचा कोन व्यापावा. त्या हिशोबाने तुमच्या त्या खोलीत चक्क ६५ इंची टीव्ही लागेल! ही शिफारस अंधार करून, एकाग्र होऊन सिनेमा बघणाऱ्यांसाठी ठीक आहे. पडल्या पडल्या बातम्या आणि मालिका बघणाऱ्याला, मधूनच डुलकी काढणाऱ्याला, समोर एवढी मोठी हलती भिंत नको असते. माझ्या मते झोपायच्या खोलीत २० अंश पुष्कळ झाले. म्हणजे तुमच्या बाबतीत ४३ इंच. इथे मिस्टर जिंकले, पण फक्त इथेच. ज्यांच्या खोलीत उशी ते पडदा हे अंतर साडेसहा-पावणेसात फूटच आहे, त्यांनी मात्र ३२ इंची घ्यायला कचरू नये. त्या अंतरावरून तो तुमच्या ४३ इंचीएवढाच मोठा दिसतो.

एवढ्यावर विश्वास ठेवून पैसे भरू नका. एखाद्या खोक्याचा पुठ्ठा ९५ बाय ५४ सेंटीमीटर कापा. आईंना, त्या नसतील तर तुम्ही स्वतः, नेहमीच्या उशा घेऊन पलंगावर नेहमीसारखं पडा. मुलाला पुठ्ठा धरून समोरच्या भिंतीपाशी उभं करा आणि वर-खाली करायला सांगा. पुठ्ठा टेबलाच्या उंचीवर असला की पायांवरच्या पांघरुणाचा उंचवटा खालची कड झाकतो. धावती पट्टी नेमकी तिथेच असते. फार वर नेला की हनुवटी उचलावी लागते आणि दहाव्या मिनिटाला मान बोलू लागते. या दोन्हींच्या मध्ये एक जागा सापडेल. तिथे पेन्सिलीने खूण करा. हॉलसाठी सांगतात तसं ‘बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत पडद्याचा मध्य’ हे माप इथे जसंच्या तसं लागू होत नाही, कारण मागे रेललेल्या माणसाची नजर थोडी वर चढलेली असते. म्हणून इथे टीव्ही थोडा वर आणि खाली झुकवता येईल अशा ब्रॅकेटवर हवा. ब्रॅकेट घेताना टीव्हीच्या मागच्या चार भोकांमधलं अंतर बघा. ४३ इंचीला ते बहुतेक वेळा २०० बाय २०० मिलिमीटर असतं, पण माहितीपत्रकात खात्री करा. भिंत पोकळ पार्टिशनची असेल तर आतला आधार शोधून तिथेच स्क्रू मारावे लागतात. टेबलावरच ठेवायचा झाला तर एक गोष्ट ऐन वेळी दगा देते: हल्ली बऱ्याच टीव्हींचे पाय मध्ये नसून दोन टोकांना असतात. टेबल तेवढं लांब आहे का ते आधी मोजा.

पुठ्ठा हाताशी असतानाच त्याच जागी एक आरसा धरून बघा. उशीवरून आरशात खिडकी दिसली तर टीव्हीतही ती दिसणार. तुमची खिडकी डाव्या भिंतीत आहे, त्यामुळे पलंग मधोमध असेल तर फार त्रास होऊ नये. डोक्यामागे खिडकी असणाऱ्यांना मात्र पडद्याआधी खिडकीच्या पडद्याचा विचार करावा लागेल.

आता फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपके असलेला पडदा. नऊ फुटांवरून चांगली नजर साधारण पाऊण मिलिमीटरहून बारीक ठिपके वेगळे करू शकत नाही. ४३ इंची फुल एचडी पडद्यावरचा एक ठिपका अर्धा मिलिमीटर असतो, म्हणजे तोच आधी नजरेच्या पलीकडे गेलाय. फोर-केमध्ये तो पाव मिलिमीटर होतो. तो वेगळा दिसायचा तर नाक पडद्यापासून तीन फुटांच्या आत न्यावं लागेल. त्यामुळे या खोलीत फोर-केसाठी जादा पैसे मोजण्याचं कारण नाही. पण ते टाळण्याचंही नाही. ४३ इंचीत आता बरेचसे टीव्ही फोर-केच येतात आणि कधी कधी त्यांच्यातला प्रोसेसर बरा असतो. मिळाला तर घ्या, अडून बसू नका. एचडीआरचंही, म्हणजे चित्रातले उजळ भाग जास्त उजळ आणि गडद भाग जास्त गडद दाखवण्याच्या सोयीचंही, असंच. खोक्यावर ते शब्द ठळक छापलेले असतात, पण या आकारातल्या साध्या टीव्हीच्या पडद्यामागचा दिवा तेवढा प्रखर नसतो, आणि रात्री झोपायच्या खोलीत तो प्रखर असून उपयोगही नाही.

क्यूएलईडी आणि ओएलईडी यांची नावं जवळजवळ सारखी असल्याने लोक गोंधळतात. क्यूएलईडी हा नेहमीचाच एलसीडी पडदा. मागे एलईडीचा दिवा, मध्ये रंग जास्त शुद्ध करणारा एक थर. चांगला असतो, पण वेगळी जात नव्हे. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि पूर्ण विझतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो आणि कुशीवरून बघितलं तरी चित्र फिकं पडत नाही. हे टीव्ही ४२ इंचांपासून मिळतात. अंधाऱ्या बेडरूमला त्याहून चांगलं चित्र नाही हे खरं. तरीही तुमच्या घरासाठी मी तो सुचवणार नाही. आई एकच वृत्तवाहिनी तासन् तास लावून ठेवत असतील, तर कोपऱ्यातल्या बोधचिन्हाची कायमची पुसट छाप अशा पडद्यावर उमटू शकते.

साध्या एलसीडीतही दोन मुख्य प्रकार आहेत आणि दुकानातल्या फलकावर ते सहसा लिहिलेले नसतात. आयपीएस पॅनेल बाजूने बघितलं तरी रंग बऱ्यापैकी टिकवतं, पण अंधारात त्याचा काळा रंग राखाडी वाटतो. व्हीए पॅनेल समोरून बघताना गडद आणि उठावदार दिसतं, बाजूला सरकलं की चित्र धुवून काढल्यासारखं होतं. पलंगावर एकजण बघणार आणि टीव्ही समोरच असणार तर व्हीए उत्तम. दोघं बघणार, कोणी खुर्ची टाकून बाजूला बसणार, किंवा टीव्ही कोपऱ्यात लागणार, तर आयपीएस. ओळखायचं कसं? दुकानात पडद्यावर एखादा चेहरा मोठा दिसत असताना समोरून हळूहळू बाजूला चालत जा आणि कातडीचा रंग कुठे बदलतो ते बघा. मग गुडघ्यात वाकून खालूनही बघा, कारण तुमच्याकडे टीव्ही उंचावर लागणार आहे. विक्रेत्याला गंमत वाटली तर वाटू दे. एकाच मालिकेतल्या ४३ आणि ५० इंची टीव्हींत वेगवेगळी पॅनेल असू शकतात, तेव्हा जो आकार घ्यायचा तोच बघा.

आता खरी मेख. तुमच्या घरातली कुरबूर चित्रावरून नाही, आवाजावरून आहे. आणि तिघांच्याही यादीत आवाजाबद्दल एक ओळ नाही.

पातळ टीव्हीत स्पीकरला जागाच उरत नाही. ते छोटे असतात आणि बहुधा तोंड खाली किंवा मागे करून बसवलेले असतात. आवाज भिंतीवर आपटून पलंगापर्यंत येतो. वय वाढतं तसे वरच्या पट्टीतले सूर आधी ऐकू यायचे कमी होतात, आणि ‘स’, ‘श’, ‘फ’सारखी व्यंजनं त्याच पट्टीत असतात. त्यामुळे आईंना आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाहीत, म्हणून त्या आवाज वाढवतात, आणि शब्द तरीही पुरते कळत नाहीत. नवा टीव्ही शेजारच्या खोलीत गेला तर हाच आवाज भिंतीपलीकडून येईल. फरक एवढाच की मध्ये एक दार असेल.

यावर उपाय कान आणि स्पीकर यांच्यातलं अंतर कमी करण्याचा. उशीपाशी ठेवता येईल असा, टीव्हीला जोडलेला एखादा छोटा बिनतारी स्पीकर मोठ्या आवाजाइतकंच काम हळू आवाजात करतो. किंवा कानावरचा हेडफोन. साधा ब्लूटूथ हेडफोन घेतलात तर आवाज चित्राच्या किंचित मागे पडतो आणि ओठांच्या हालचालीवरून शब्द पकडणाऱ्या माणसाला ते फार खटकतं. टीव्ही ऐकण्यासाठीच बनवलेले, स्वतःचा ट्रान्समीटर असलेले हेडफोन यात बरे. आई श्रवणयंत्र वापरत असतील तर त्याच कंपनीचं टीव्हीला जोडायचं उपकरण मिळतं का ते विचारा. टीव्ही निवडताना तीन गोष्टी तपासा: हेडफोनची साधी खाच किंवा ऑप्टिकल आउटपुट (प्रकाशाच्या तारेने आवाज बाहेर देणारी खाच) आहे का, हेडफोन लावल्यावर टीव्हीचा स्वतःचा आवाजही सोबत चालू ठेवता येतो का, आणि संवाद ठळक करण्याची सोय आहे का. दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. ती नसली तर आई हेडफोन लावतील आणि शेजारी बसलेल्या तुम्ही मूकपट बघाल.

हेही विचारतो, रागावू नका: आईंच्या कानांची अलीकडे तपासणी झाली आहे का? कधी कधी नुसता मळ साचलेला असतो. आणि समजा हेडफोनने काम भागलं, तर तो हॉलमध्येही चालतो. वेगळ्या टीव्हीने कुरबूर थांबेल, पण संध्याकाळी सगळे हॉलमध्ये आणि आई एकट्या खोलीत, अशी वाटणी नकळत होऊन बसेल का, याचा एकदा विचार करा. त्यांना तीच शांतता हवी असेल तर प्रश्नच मिटला. पण हे त्यांनी म्हणायला हवं. तुम्ही कामाला बसलेल्या असताना आईंना टीव्ही बघायचा असेल, तेव्हाही हेडफोनच कामाला येईल.

आता एक पर्याय, जो पत्रात कोणीच मांडलेला नाही. हॉलमधला ४३ इंची फुल एचडी टीव्ही आत न्या आणि नवा हॉलमध्ये घ्या. आकार या खोलीला नेमका आहे. त्या अंतरावर फुल एचडी पुरतं हे वर बघितलंच. मुलाचे गेम आणि मिस्टरांचं फोर-के या दोन्हींची खरी जागा हॉल आहे. तिथे मोठा पडदा घेतला तर त्या गोष्टींचा पैसा वसूलही होईल. आणि सगळ्यांत मोठा फायदा म्हणजे त्या टीव्हीचा रिमोट आईंना पाठ आहे. नवा टीव्ही चालू केला की बहुतेक वेळा आधी जाहिरातींनी भरलेलं पान उघडतं, रिमोटवर आकड्यांची बटणंच नसतात आणि नेहमीचा चॅनेल चार दारांमागे लपलेला असतो. पंचाहत्तरीच्या माणसाला रोज कोणालातरी ‘जरा लावून दे’ म्हणावं लागणं किती जिवावर येतं, ते बोलून दाखवत नाहीत एवढंच.

सात वर्षांच्या टीव्हीतली ॲप्स एक तर रखडत चालतात किंवा नव्याने अपडेट होणं बंद झालेलं असतं. त्यावर एचडीएमआयला लावायची स्ट्रीमिंग स्टिक पुरते. खोली अंधारी करून पडद्यावर पूर्ण पांढरं चित्र लावा, कडांना काळपट ढग किंवा डाग दिसतात का बघा. दिसले तर हा बेत सोडा. आणि ‘जुनं ते आईला’ असं त्यांना वाटणार नाही ना, हे तुम्हीच ओळखा. काहींना ओळखीच्या वस्तूचा आनंद होतो, काहींना त्याचं वाईट वाटतं. यंदा हॉलच्या टीव्हीचा खर्च झेपणारा नसेल तर त्यासाठी ओढाताण करू नका. सरळ खोलीसाठी ४३ इंची साधा टीव्ही घ्या, क्यूएलईडीवरचे वाचलेले पैसे हेडफोनवर घाला.

नवाच घ्यायचा ठरला तर दुकानात रिमोट हातात घ्या आणि शक्य असेल तर आईंच्याही हातात द्या. बटणं अंधारात चाचपून ओळखता यायला हवीत. टीव्ही सुरू झाल्यावर थेट शेवटचा चॅनेल किंवा सेट-टॉप बॉक्स लागेल अशी सेटिंग आहे का, विचारा. एचडीएमआय-सीईसी चालू केलं की बऱ्याचदा एकाच रिमोटने टीव्ही आणि बॉक्स दोन्ही सुरू-बंद होतात. बंद असताना समोर लाल किंवा पांढरा दिवा जळत राहतो का आणि तो विझवता येतो का, हेही बघा. झोपायच्या खोलीत तो ठिपका रात्रभर डोळ्यांत खुपतो. राउटर दूरच्या खोलीत असेल तर वायफायच्या ५ गिगाहर्ट्झवर विसंबू नका, तो भिंती ओलांडताना लवकर अशक्त होतो. लॅपटॉप जोडून याच पडद्यावर काम करायचा तुमचा विचार असेल तर मात्र नको म्हणेन. जवळून बारीक अक्षरं वाचायला ४३ इंची फुल एचडी टीव्ही वाईट, त्यासाठी मॉनिटरच बरा.

टीव्ही घरी आल्यावर सुरुवातीलाच तो ‘घर की दुकान’ असं विचारतो, तिथे घर निवडा. दुकानाची सेटिंग भगभगीत रंगांची असते. मग चित्रासाठी सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड निवडा, हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय बंद करा, रात्रीसाठी पडद्यामागच्या दिव्याची प्रखरता निम्म्याखाली आणा आणि आपोआप बंद होण्याचा स्लीप टायमर आईंच्या झोपेच्या वेळेप्रमाणे लावून ठेवा. हे सगळं मुलाकडे सोपवा. ५० इंचीचा हट्ट सोडल्याबद्दल त्यालाही काहीतरी हवंच. पहिल्या दिवशी एकरंगी चित्रं लावून मेलेले ठिपके, रेघा, डाग तपासा. आणि खोकं, आतल्या पट्ट्यांसकट, परत करण्याची मुदत संपेपर्यंत टाकू नका.